राउटरचं विलीनीकरण

२२ एप्रिल २०२३, शनिवार. अक्षय्य तृतीया.

सकाळी आठ चाळीसला राउटरचा ॲडाप्टर जळाला. आधी दिवे लुकलुकले, मग बारीकसा 'टिक' झाला आणि जळक्या रबराचा वास आला. पद्माने स्वयंपाकघरातून विचारलं की अहो, काही करपलं का, आणि लगेच स्वतःच आमटी बघायला वळली.

मी अजिबात हताश झालो नाही. उलट डोक्यात लख्ख उजेड पडला. कंप्युटरच्या डब्यात त्याचा स्वतःचा पॉवर सप्लाय असतो. तो बारा व्होल्ट देतो. राउटरला काय हवं? बारा व्होल्ट! मग राउटरने वेगळा ॲडाप्टर, वेगळा प्लग असं आपलं स्वतंत्र संस्थान थाटून बसायचं कारण काय? डब्यातूनच एक तार काढायची आणि राउटरला द्यायची. कंप्युटर यूपीएसवर आहे, म्हणजे राउटरही यूपीएसवर. लाइट गेली तरी इंटरनेट चालू.

राउटरचं कंप्युटरमध्ये विलीनीकरण! शब्द सुचला आणि अंगावर काटा आला.

तो सुचायला कारण आहे. रविवार, १४ मेला ग्वाल्हेरातल्या दोन मराठी संस्था एक होणार: आमचं सराफ्याजवळचं स्नेहसंवर्धक मंडळ आणि कंपू मोहल्ल्यातल्यांचा हितवर्धक समाज. सभा ऑनलाइन, कारण ते आमच्या हॉलमध्ये येणार नाहीत आणि आम्ही त्यांच्या हॉलमध्ये जाणार नाही. सचिव सध्या दोन, उरणार एक. मी चौदा वर्षं सचिव आहे. समोर कंपूचे महिपतराव. त्यांचे पूर्वज दक्षिणेतून तलवार घेऊन आले, आमचे दौत-टाक घेऊन. तलवारीने काय केलं तेही शेवटी दौतवाल्यांनीच लिहून ठेवलं, हे महिपतरावांना कोणीतरी सांगायला पाहिजे.

सभेचा होस्ट मी. ज्याच्या हातात म्यूट त्याच्या हातात मंडळ. मात्र त्या दिवशी इंटरनेट गेलं तर सचिवपदही गेलं. म्हणून ही तार.

पद्मा म्हणाली, किला गेटवर नवा ॲडाप्टर मिळतो, जाता-जाता घेऊन या. लोकांना साधे उपाय फार सुचतात.

२४ एप्रिल, सोमवार

किला गेटला शाक्यजीच्या कंप्युटरच्या दुकानात गेलो. माझं बोलणं पुरं व्हायच्या आत त्याने ड्रॉवरमधून नवा ॲडाप्टर काढून काउंटरवर ठेवला. मी तो परत आत ठेवायला लावला. मग योजना समजावली. छत्तीस वर्षं सरकारी नकाशेघरात ड्राफ्ट्समन होतो, तोंडी समजावणं मला जमत नाही. त्याच्याच पावतीपुस्तकामागे आकृती काढली. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, दादा, हो तो जाएगा, पर करना क्यों है? मोठ्या कल्पनांना जग पहिला प्रश्न हाच विचारतं.

अखेर त्याने तार करून दिली. एका टोकाला चार पिनांचं पांढरं कनेक्टर, दुसऱ्या टोकाला राउटरची गोल पिन. पिवळी तार बारा व्होल्टची, काळी परतीची. घरी येऊन बसवून देतो म्हणाला. मी नको म्हटलं. तेव्हा त्याने मला दोनदा बजावलं: अंदर दो कनेक्टर मिलेंगे, दादा. खाली वाले में ही लगाना. दूसरे को हाथ मत लगाना.

इथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो. तो 'नीचे' म्हणाला नाही. चक्क 'खाली' म्हणाला! पंधरा वर्षं माझ्याशी बोलून बोलून शाक्यजीच्या तोंडात मराठी आली. माझ्या सहवासात माणसं आपोआप मराठी होतात. हे उदाहरण सभेच्या भाषणात घालणे.

२६ एप्रिल, बुधवार. सकाळी १०.

आधी नकाशा काढला. प्रमाण १:२. बाण काढून 'खाली' असं लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. पद्मा म्हणाली, एका तारेसाठी एवढी फालतूची मेहनत कशाला करून राहिलात? ज्याचा नकाशा नाही ते काम नाही, असं मी तिला सांगितलं. ती फोन घ्यायला गेली.

दुपारी १२.३०

झालं! डबा उघडला. शाक्यजी म्हणाला तसेच दोन कनेक्टर. वरचं मोकळंच लोंबत होतं. खालच्यात मात्र आधीच कोणीतरी काहीतरी खोचून ठेवलेलं. त्याच्या तारा मागच्या जाळीकडे कुठेतरी जात होत्या. आधीच्या मेकॅनिकचा गबाळेपणा, दुसरं काय! ते उपटलं, तारा नीट गुंडाळून रबरबँड लावला आणि खाली आपली तार बसवली. वरच्याला हातसुद्धा लावला नाही.

बटण दाबलं. राउटरचे चारही दिवे हिरवे! मी ओरडलो. पद्मा धावत आली, तिला वाटलं शॉक बसला.

आणखी एक फायदा झाला जो मी गृहीतही धरला नव्हता. आमचा कंप्युटर सात वर्षं घरघर करत होता. ती घरघर एकदम बंद. इतका शांत की चालू आहे की नाही कळू नये. पद्माने विचारलं की तो भुर्र आवाज कुठे गेला. विलीनीकरणानंतर घर्षण संपतं, हे तिला उदाहरणासह सांगितलं. तिने मान हलवली. पटलं असावं.

२७ एप्रिल, गुरुवार

एक छोटी बाब. कंप्युटर बंद केला की राउटर बंद होतो. म्हणजे तत्त्वतः बरोबरच आहे, पण पद्माची मालिका टीव्हीवर वायफायने चालते आणि ती ऐन लग्नात थांबली. लग्न मालिकेतलं. उपाय: कंप्युटर दिवसभर चालू ठेवायचा.

दुसरी छोटी बाब. दिवसभर चालू ठेवला तर वीस-बावीस मिनिटांनी तो आपला आपण बंद पडतो. झोपत असणार. सेटिंगमध्ये जाऊन 'स्लीप: नेव्हर' केलं.

२८ एप्रिल, शुक्रवार

नेव्हर म्हटलं तरी वीस मिनिटांनी झोपला. म्हणजे ही झोप नव्हे. व्होल्टेज. या गल्लीत सगळ्यांनी एसी लावलेत, दुसरं काय होणार. यूपीएसमध्येच काहीतरी पाणी मुरतंय असाही संशय आहे. सोमवारपासून रोज दर तासाला व्होल्टेजची नोंद ठेवणे. तक्ता आखला.

आज अकरा सभासदांचे फोन. सगळे आधी पद्माला मागतात. सभेत यायची लिंक कशी उघडायची, सुनेचं बाळंतपण, कोणाचा पत्ता, असली किरकोळ कामं. सचिवाला थेट त्रास देऊ नये एवढा पोच लोकांना आहे, हे बघून बरं वाटलं.

३० एप्रिल, रविवार

मुकुंदरावांच्या घरी समझोत्याची बैठक. वय शहाऐंशी, दोन्ही संस्थांचे आजीव सभासद, म्हणून सभेचे अध्यक्ष तेच. मी आणि महिपतराव समोरासमोर. मध्ये पोह्यांची बशी.

मुकुंदरावांनी जुनी गोष्ट काढली. संस्थानं जाऊन मध्यभारत झाला तेव्हा राजधानी ग्वाल्हेर की इंदूर यावर असंच अडलं होतं. मग हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर असं ठरलं. त्यांचे वडील दर उन्हाळ्यात फायलींच्या पेट्या घेऊन इंदूरला जात. तोच तोडगा इथे लावा, म्हणाले. एक हिवाळी सचिव, एक उन्हाळी सचिव.

मला कल्पना फार आवडली. मी ताबडतोब हिवाळी घेतला. गणपती, दसरा, दिवाळी, संक्रांत सगळं हिवाळ्यातच मोडतं. महिपतराव म्हणाले, गणपती पावसाळ्यात येतो. मी म्हटलं, संस्थेच्या कामासाठी ऋतू दोनच. ते म्हणाले, मग मीही हिवाळीच घेतो, उन्हाळ्यात ह्या गावात भूतसुद्धा घराबाहेर पडत नाही, सचिव काय करणार? पाऊण तास झाला. मुकुंदरावांना डुलकी लागली. आता मतदानच.

महिपतराव निघताना म्हणाले, पद्मावहिनींना नमस्कार सांगा. शत्रूच्या गोटात गोंधळ उडाला की असा नमस्कार येतो.

३ मे, बुधवार

स्वागतपर भाषण पुरं झालं. 'विलीनीकरण: काल, आज आणि उद्या'. बावीस मिनिटं. कळस पुढील वाक्यात आहे:

'सचिवपदाची मला मुळीच हाव नाही. परंतु आपण सर्वांनी आग्रहच केला, तर समाजाची आज्ञा मोडण्याचे धैर्य माझ्यात नाही.'

'हाव नाही'नंतर मोठा पॉज घ्यायचा. मग 'परंतु'. पद्माला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पॉज फार मोठा नका घेऊ. स्त्रियांना वक्तृत्वातलं नाट्य कळत नाही. (हे वाक्य कुठेही न बोलणे.)

दुपारी रंगीत तालीम. एकोणिसाव्या मिनिटाला 'उद्या' सुरू होतानाच कंप्युटर बंद. त्याबरोबर राउटर. व्होल्टेजच्या तक्त्यात त्या वेळी दोनशे एकतीस. म्हणजे व्होल्टेज नव्हे. व्होल्टेजचा तक्ता बंद.

५ मे, शुक्रवार

नवा सिद्धांत. भाषण जड आहे. कॅमेरा, आवाज, वीज आणि वर इतिहास, एवढं एका तारेतून जायचं म्हणजे काही झालं तरी ताण. 'काल'मधली दोन पानं काढली. खोली फार तापली होती म्हणून कूलर ओढून टेबलाजवळ आणला. वारा माझ्याऐवजी सगळा डब्यावरच जात होता, पण हलवायचा कंटाळा केला.

चमत्कार! एकतीस मिनिटं चालला! दोन पानं काढल्याचा एवढा परिणाम. आनंदाच्या भरात पद्माला घेऊन सराफ्यात गेलो, दोघांनी कुल्फी खाल्ली.

६ मे, शनिवार

पद्माने विरजणाचं पातेलं कंप्युटरच्या डब्यावर ठेवलं. म्हणे तिथे दही तासाभरात लागतं. माझ्या संशोधनाचे असे घरगुती उपयोग होत आहेत. दही खरंच उत्तम होतं.

८ मे, सोमवार

महिपतराव स्वतः घरी आले. पिशवीत दशहरीच्या कैऱ्या, लोणच्यासाठी. आधी स्वयंपाकघरात जाऊन पद्माच्या हातात दिल्या, मग माझ्याकडे. म्हणाले, ऐकलंय की तुमचा कंप्युटर मधेच जातो. माझा लॅपटॉप घेऊन जा त्या दिवशी, सभा नीट झाली म्हणजे झालं.

डाव लगेच ओळखला. त्यांच्या लॅपटॉपवरून मी होस्ट म्हणजे लगाम त्यांच्या हातात. सभ्यपणे नकार दिला. मग त्यांनी सहज डब्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. म्हणाले, अहो वाकनीस, हा तर तव्यासारखा तापलाय, पोळी टाका! मी सांगितलं की काम करणारी वस्तू तापतेच. यावर ते पद्माकडे बघून हसले आणि तीही हसली. दोघांना कशाचं हसू आलं ते कळलं नाही. कैऱ्या चांगल्या निघाल्या, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

१० मे, बुधवार

सभासदसंख्येचा अंदाज काढला. आमचे सगळे मला. कंपूचे निम्मे मला, कारण महिपतराव त्यांच्यातलेच असल्यामुळे ते त्यांना नीट ओळखतात. पुणे-बंगळूरला नोकरीला गेलेली सभासद मुलं माझ्या ईमेलच्या भाषेवर खूश असणार. एकाचंही उत्तर नाही, म्हणजे हरकत नाही. एकूण बिनविरोध धरायला हरकत नाही. सत्काराला उत्तर म्हणून चार ओळी लिहून ठेवल्या.

नव्या संस्थेच्या लेटरहेडचा आराखडाही काढला. डावीकडे 'सचिव', त्याखाली माझं नाव, पदवी, छत्तीस वर्षांचा अनुभव. उजवीकडे संस्थेचं नाव. डावी बाजू थोडी मोठी झाली.

१२ मे, शुक्रवार

आजची तालीम सतरा मिनिटांत आटोपली, कंप्युटरची नव्हे, माझी. भाषण वेगाने बोलायचं ठरवलं आहे. इतिहासातली नावं एका दमात घेतली की तीन मिनिटं वाचतात. म्हणजे कंप्युटरने वीस मिनिटं साथ दिली तरी मी आधीच पोचलेलो असेन. पद्मा म्हणाली, पोस्टाच्या तारेसारखं वाटून राहिलंय. त्यातही एक जोर असतो.

१३ मे, शनिवार

संकल्प. उद्यापासून: १) महिपतरावांशी उदारपणे वागणे. हरलेल्यांशी नेहमी उदारपणे वागावं. २) त्यांना उपसमितीत घेणे, शक्यतो उन्हाळ्यातल्या.

पद्माने आज आपल्या मोबाइलचं रिचार्ज केलं आणि सभेची लिंक त्यावर उघडून बघितली. म्हणाली, उद्या मी स्वयंपाकघरातून माझ्या फोनवरच बसीन, त्या तुमच्या तारेचं काही खरं नाही. घरच्याच माणसाचा घरच्याच राउटरवर अविश्वास. मनाला लागलं. बोललो मात्र नाही, कारण कैरीचा तक्कू केला होता.

१४ मे, रविवार. सकाळी ६.१५.

उठलो. अंघोळ. काळा कोट. छाती भरून आली आहे.

९.४०

पारा आत्ताच अडतीस. कूलरच्या आवाजात पॉज मरेल, म्हणून कूलर बंद. रस्त्याचा गोंगाट नको म्हणून खिडक्याही बंद. कोटात थोडं गरम होतंय, पण पडद्यावर भारदस्त दिसतो.

१०.५५

त्रेचाळीस सभासद हजर! पुण्याची मुलंसुद्धा! सगळ्यांना म्यूट केलं. महिपतरावांना दोनदा केलं, खात्रीसाठी. मुकुंदरावांचा फक्त कपाळाचा भाग दिसतो आहे. जातो आता. गणपती बाप्पा मोरया!

११.१९

बंद.

११.२१

पूर्ण बंद. राउटर, कंप्युटर, पडदा, सगळं. 'मुळीच हाव नाही' म्हणालो, पॉज घेतला, आणि पॉजमध्येच गेला. पडद्यावर माझंच काळं तोंड. बटण दाबतोय, चालू होत नाही. डब्याला हात लावला तर चटका बसला. स्क्रूड्रायव्हर सापडत नाही. लोक तिकडे श्वास रोखून 'परंतु'ची वाट बघत असतील.

११.२६

स्क्रूड्रायव्हर सापडला. डबा उघडलाय. तारा जागच्या जागी आहेत. नकाशाशी ताडून बघितलं. बरोबर आहेत.

११.२९

पद्माने स्वयंपाकघरात मालिका मोठ्याने लावली आहे. दहा माणसं एकदम बोलत आहेत, हसत आहेत. ओरडून सांगितलं की इथे मंडळ बुडतंय, आधी तो टीव्ही बंद कर! तिने दार लावून घेतलं.

११.३३

टाळ्या. मालिकेत बहुतेक पुन्हा लग्न.

११.४४

चालू झाला! हिरवे दिवे! लिंक उघडली. पडद्यावर ओळ आली: ही सभा होस्टने समाप्त केली आहे.

होस्ट तर मी आहे.

दुपारी १.३०

पद्मा पन्हं घेऊन आली. पंखा लावला, कोट काढायला लावला आणि मग सांगितलं.

मी गेलो तेव्हा सभेचं होस्टपण आपोआप दुसऱ्या कोणावर तरी गेलं. ते पद्मावर गेलं. तिने पहिलं काय केलं, तर सगळ्यांचं म्यूट काढलं. तीन आठवड्यांचं धोरण एका बोटाने पुसलं.

मुकुंदराव म्हणाले की पदाची मुळीच हाव नाही असं म्हणून तिथल्या तिथे उठून जायला फार मोठं मन लागतं. आमच्या वडिलांच्या पिढीत अशी माणसं होती. त्यांच्या आवाजात पाणी होतं म्हणे. महिपतराव उभे राहिले. म्हणाले, गोपाळकृष्ण वाकनीस खुर्ची सोडून जाऊ शकतात, तर आम्ही शिलेदारांच्या घरातले, आम्ही मागे राहू का? मीही सोडली! मग कोणीतरी विचारलं की आता सचिव कोण. आणि दोन्हीकडचे त्रेचाळीस लोक, नाही, मी वजा जाता बेचाळीस लोक, एकाच वेळी एकच नाव बोलले.

ते नाव पद्मा.

मी विचारलं, तू नाही म्हणाली नाहीस? ती म्हणाली, दोनदा म्हणाले. अहो, मग महिपतराव म्हणाले, वहिनी, इतकी वर्षं सगळी कामं तुम्हीच करत आहात, आता सहीसुद्धा करा.

मी विचारलं, तेव्हा मला हाक का मारली नाहीस? ती म्हणाली, मारली होती. तुम्ही ओरडलात की टीव्ही बंद कर.

मी पन्हं संपवलं. पन्ह्यात वेलची जास्त होती.

१५ मे, सोमवार

शाक्यजी आला. मी बोलावलं नव्हतं, नव्या सचिवांनी बोलावलं. डबा उघडून त्याने आधी माझ्या नकाशाकडे बघितलं, मग आत बघितलं, मग डोक्याला हात लावला. दादा, ये तो पंखे का है! आपने पंखा ही निकाल दिया! मैंने तो खाली वाले में बोला था!

मी म्हटलं, खालच्यातच लावलंय. हे बघ, खाली.

तो म्हणाला, नीचे नहीं, दादा. खाली! खाली माने जो ख़ाली पड़ा है! और ये ऊपर वाला खाली है!

तिघंही वरच्या कनेक्टरकडे बघत राहिलो. लोंबत होतं, मोकळं, हिंदीतलं 'खाली'. चार पिढ्या या गावात काढल्या. दूधवाल्याशी हिंदी, देवाशी संस्कृत, बाकी सगळ्यांशी दोन्ही एकदम. आणि एका शब्दाने मला खाली पाडलं. शाक्यजीला माझ्यामुळे मराठी आली नव्हती. मलाच हिंदी विसरायला झालं होतं.

त्याने दोन मिनिटांत पंखा जागेवर लावला, आपली तार वरच्यात लावली. घरघर सुरू झाली. कंप्युटर सबंध दुपार चालला, राउटर त्याच्यावर चालला. म्हणजे माझी कल्पना पहिल्या दिवसापासून बरोबर होती! फक्त वीतभर खाली होती. हे पद्माला सांगितलं. ती फोनवर होती. कोणाच्या तरी सुनेला मुलगी झाली.

१६ मे, मंगळवार

आज कोणाचाही फोन माझ्यासाठी आला नाही. पूर्वीही येत नसत, पण पूर्वी मला ते कळत नव्हतं. वाईट वाटलं. खरंच वाईट वाटलं. चौदा वर्षांची फाइल काढून बसलो. प्रत्येक सभासदाचा पत्ता, वाढदिवस, घरच्या तिथी, सगळं पद्माच्या अक्षरात. माझ्या अक्षरात फक्त मुखपृष्ठ. मुखपृष्ठ अतिशय सुबक आहे.

महिपतरावांचा संध्याकाळी फोन आला. मी पद्माला हाक मारली. ते म्हणाले, नाही नाही, तुम्हालाच. दोघं माजी झालो, आता एकदा बसू या. या म्हटलं.

१७ मे, बुधवार

सचिवांनी सभेचं इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे दिलं. अक्षर चांगलं म्हणून. पद्माने सांगायचं, मी लिहायचं. ठराव पहिला, दोन्ही संस्था एक झाल्या. ठराव दुसरा, सचिवपदी सौ. पद्मा वाकनीस यांची एकमताने निवड. वळण बिघडू दिलं नाही.

ठराव तिसरा तिने असा सांगितला: 'मावळते सचिव श्री. गोपाळकृष्ण वाकनीस यांचे स्वागतपर भाषण मध्येच थांबले. सभेने त्याबद्दल समाधान व्यक्त केले.'

ती दुधाखालचा गॅस बंद करायला उठली तेवढ्यात मी 'समाधान'च्या आधी बारीकसा 'अ' घातला.

परत येऊन सचिवांनी वाचलं, 'अ' खोडला आणि सही केली.